परीक्षा पास झालेल्या पंचाला आता शिकवा

माननीय क्रीडामंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी क्रिकेटची पंच आहे. शाळांच्या, महाविद्यालयांच्या आणि क्लबांच्या सामन्यांत गेली नऊ वर्षं उभी राहते आहे. खेळाडूंसाठी मैदानं हवीत, प्रशिक्षक हवेत, शिबिरं हवीत अशी पत्रं आपल्याकडे रोज येत असतील आणि ती रास्तच असतात. माझं पत्र त्याच मैदानावर सगळ्यांच्या आधी उतरणाऱ्या आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर पडणाऱ्या दोन माणसांबद्दल आहे. त्यांना परीक्षा द्यायला लावतात, पण उभं राहायला कुणी शिकवत नाही.

माझाच पहिला सामना सांगते. चौदा वर्षांखालील मुलांचा होता. मला बेचाळीसच्या बेचाळीस नियम पोटकलमांसह पाठ होते. यष्टीरक्षकामागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर पाच धावा, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तिसऱ्या षटकात एका वेगवान मुलाचा पुढचा पाय क्रीजवर पडला. टाचेचा काही भाग रेषेच्या आत आहे ना, हे मी नीट मान खाली घालून पाहिलं. मान वर केली तोवर चेंडू पॅडवर आदळून खाली पडला होता. अकरा जणांनी एकदम अपील केलं आणि मी बोट वर केलं.

तो फलंदाज काही बोलला नाही. बॅट उलटी करून आतल्या कडेवरच्या ताज्या लाल डागावर त्याने अंगठा ठेवला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि निघून गेला. चेंडू आधी बॅटला लागला असेल तर पायचीत देता येत नाही, हे मी परीक्षेत अचूक लिहिलं होतं. पण तो बॅटला लागताना मी पाहिलाच नव्हता. माझी नजर तेव्हा जमिनीवरून वर येत होती.

संध्याकाळी मी फॉर्मवर सही केली आणि घरी गेले. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. जवळजवळ तीन वर्षांनी एका ज्येष्ठ पंचांबरोबर उभी होते. चहाच्या वेळेत ते सहज म्हणाले, "मान हलवू नका, फक्त डोळे उचला. आणि यष्ट्यांपासून अजून दोन पावलं मागे उभ्या राहा, म्हणजे क्रीज आणि फलंदाज एकाच नजरेत बसतील." दोन वाक्यं. पुढच्या षटकापासून मला चेंडू दिसायला लागला. ती दोन वाक्यं मला पहिल्या दिवशी मिळाली असती तर तो मुलगा आणखी काही वेळ खेळला असता.

ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो. तेवढ्यात पंचाला पाय पाहायचा असतो, टप्पा कुठे पडला ते पाहायचं असतं, बॅटची कड लागल्याचा आवाज पॅडच्या आवाजापासून वेगळा ओळखायचा असतो, आणि पॅड मध्ये नसता तर चेंडू नऊ इंच रुंदीच्या यष्ट्यांवर गेला असता का, हेही ठरवायचं असतं. हे पुस्तक वाचून येत नाही. हजारो चेंडू त्या जागेवरून पाहिल्यावर येतं, आणि तेही शेजारी कुणी चूक दाखवणारं असेल तर लवकर येतं.

पुस्तकाला मी कमी लेखत नाही. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकात श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. तो ठरलेल्या दोन मिनिटांत चेंडू खेळायला तयार झाला नाही, प्रतिस्पर्ध्यांनी अपील केलं आणि त्याला 'टाइम्ड आउट' द्यावं लागलं. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये तोवर असा कुणीच बाद झाला नव्हता. मैदानावरच्या पंचांना असा नियम लावावा लागला, जो त्या पातळीवर त्याआधी कुणीच लावला नव्हता. तो पाठ होता म्हणूनच लावता आला. तेव्हा परीक्षा अवघड असावी, असंच माझं मत आहे. माझी तक्रार एवढीच की परीक्षेपाशी शिकवणं थांबतं.

धावचीतचंच घ्या. चेंडू ज्या बाजूला मारला त्या बाजूला पंचाने धावत जायचं, म्हणजे चेंडू आणि यष्ट्या दोन्ही समोर राहतात. क्रीजच्या रेषेत येऊन पाय रोवून थांबायचं, कारण धावता धावता पाहिलेली रेषा फसवते. गेल्या हंगामात माझ्याबरोबर एक नवी मुलगी उभी होती, परीक्षेत आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त गुण मिळवलेली. पहिल्याच धावचीतच्या वेळी ती उलट्या बाजूला वळली. तिच्या आणि यष्ट्यांच्या मध्ये गोलंदाज आला, तिला काही दिसलं नाही आणि तिने नाबाद दिलं. क्षेत्ररक्षण करणारा संघ तिच्यावर ओरडला. सीमेबाहेरून त्यांचे प्रशिक्षकही ओरडले. त्या सामन्यानंतर ती परत आली नाही. मी दोनदा फोन केला. "अभ्यास आहे," म्हणाली.

ओरडण्याबद्दलही थोडं. नियमावलीची सध्याची संहिता १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाली आणि तिच्यात बेचाळिसावा नियम खेळाडूंच्या वर्तनाबद्दल आला. पाच दंडात्मक धावांपासून खेळाडूला उरलेल्या सामन्यासाठी मैदानाबाहेर काढण्यापर्यंतचे अधिकार त्यात आहेत. हे अधिकार कधी वापरायचे, त्याआधी कर्णधाराला बाजूला घेऊन कोणत्या आवाजात बोलायचं, आपला हात थरथरत असला तरी गुणलेखकाला खूण ठाम कशी करायची, हे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना कुणी करून दाखवत नाही. माझ्या तुकडीत परीक्षा पास झालेल्यांपैकी आज निम्मेसुद्धा मैदानावर नाहीत. नियम अवघड वाटले म्हणून कुणीही गेलं नाही.

काही जण म्हणतात, आता कॅमेरे आले, पंचाला एवढं शिकवायचं कशाला? १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकरला तिसऱ्या पंचाने धावचीत दिलं आणि पडद्याचा काळ सुरू झाला. २००८ पासून निर्णयाच्या फेरविचाराची पद्धत आली. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या. पण मुलं जिथे क्रिकेट शिकतात तिथे कॅमेरा नसतो, फक्त दोन माणसांचे डोळे असतात. आणि जिथे कॅमेरा असतो, तिथेसुद्धा चेंडू यष्टीला अगदी कडेवर लागताना दिसला तर 'अंपायर्स कॉल' म्हणून मैदानावरच्या पंचाचाच निर्णय टिकतो.

चांगला पंच व्हायला मोठा खेळाडूच असावं लागतं, ही समजूतही आता सोडायला हवी. भारताचे माजी फिरकी गोलंदाज एस. वेंकटराघवन ५७ कसोटी खेळले आणि नंतर ७३ कसोटींत पंच म्हणून उभे राहिले. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर पोलोसॅक कधी क्रिकेट खेळल्या नव्हत्या, तरी २०१९ मध्ये पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात मैदानावर उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या महिला पंच ठरल्या. खेळून आलेल्यालाही उभं राहणं वेगळं शिकावं लागतं, न खेळलेल्यालाही ते शिकता येतं. (महिला पंच वाढाव्यात असं वाटत असेल तर मैदानावर कडी लागणारी एक खोली द्या. आजही कित्येक ठिकाणी मी कपडे बदलून घरूनच येते.)

सुरक्षेचा विषयही शिकवण्यातच येतो. इस्रायलचे माजी कर्णधार हिलेल ऑस्कर २०१४ मध्ये पंच म्हणून उभे असताना चेंडू लागून मरण पावले. पुढे ऑस्ट्रेलियाचे पंच ब्रुस ऑक्सनफर्ड हातावर पारदर्शक ढाल बांधून उभे राहू लागले. आमच्या वर्गात मात्र सरळ अंगावर येणाऱ्या फटक्यापासून कसं हटायचं, हा विषय निघालाच नाही.

आता नेमकं मागणं. आपल्या खात्याच्या शालेय स्पर्धांत दोन्ही पंच नवे किंवा दोन्ही अनुभवी, अशा जोड्या लागतात. त्याऐवजी प्रत्येक सामन्यात एक अनुभवी आणि एक नवा पंच असावा. सीमेबाहेर एक निरीक्षक बसावा. त्याने सामना संपल्यावर नव्या पंचाशी पंधरा मिनिटं बोलावं आणि काय सुधारायचं ते एका कागदावर लिहून द्यावं. त्या कागदावर गुण नकोत, नाहीतर तीही परीक्षाच होईल. निरीक्षक शोधायला लांब जावं लागणार नाही. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून घरी बसलेले पंच आहेत. त्यांना सहा तास उभं राहवत नाही, पण तिसऱ्या षटकात माझी मान हलली हे त्यांना खुर्चीवरूनही दिसलं असतं.

दुसरी गोष्ट तर फुकटातली आहे. खात्याच्या क्रीडा संकुलांत रोज नेट लागतात, गोलंदाज चेंडू टाकतच असतात. शिकाऊ पंचांना यष्ट्यांमागे उभं राहायची लेखी परवानगी द्या. एका सकाळी दोनशे चेंडू पाहता येतात. तिथे निर्णय चुकला तरी कुणी बाद होत नाही. मी स्वतः अशी परवानगी मागितली तेव्हा "पंचांचं नेटमध्ये काय काम?" असं उत्तर मिळालं. उत्तर देणाऱ्यावर माझा राग नाही. त्यांच्यापुढच्या परिपत्रकात पंच हा शब्दच नव्हता.

शालेय स्पर्धांच्या वेळापत्रकात प्रत्येक सामन्यापुढे पंचांच्या नावांचे दोन रकाने असतात. येत्या हंगामाचं वेळापत्रक छापण्याआधी त्यात निरीक्षकाचा तिसरा रकाना घालावा, ही विनंती. त्यात लिहायची नावं माझ्याकडे आणि माझ्या सहकाऱ्यांकडे तयार आहेत. यादी घेऊन कधी यायचं, तेवढं कळवावं.

आपली नम्र,
एक क्रिकेट पंच