दुरुस्त करा, नवे करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या फर्निचरला ‘नवा लूक’ कसा द्यावा, याच्या युक्त्या हल्ली पुरवण्यांतून वरचेवर वाचायला मिळतात. त्या वाचून कुणी माझ्यासारखी चूक करू नये, म्हणून हे पत्र.

आजोबांचे लिहिण्याचे टेबल सागवानी, पाच खणांचे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा ते नारायण पेठेत, आमच्या वाड्यात तळमजल्यावर होते. मी सात वर्षांची होते. पाणी ओसरल्यावर टेबल गाळात उताणे सापडले. पाय सुटलेले, खणांच्या फळ्या विखुरलेल्या. आई रडायलाच लागली. आळीतले सुतारकाका म्हणाले, “वहिनी, लाकूड कुठं मोडलंय? नुसता सरस सुटलाय.” सगळे भाग त्यांनी जिन्याखाली सावलीत महिनाभर वाळवले, उन्हात ठेवले असते तर तडकले असते. सांध्यांतला जुना सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांचा गोंद, कोमट पाण्याने काढला. नवा सरस रात्रभर भिजवून, गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून पातळ केला आणि सांधे जुळवून सुतळीने करकचून बांधले. त्याचा उग्र वास दोन दिवस घरात होता. एकही खिळा मारला नाही. ते सांधे साठ वर्षे हलले नाहीत.

वाडा पाडायचा ठरला तेव्हा एक पाय डुगडुगत होता, म्हणून मी टेबल एका दुकानात दिले. मला विचारले असते तर थांबवले असते. त्यांनी मशीनने सगळे घासले, वर पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा थर फवारला, पायाला पांढरा गोंद भरून दोन स्क्रू पिळले. आजोबांच्या दौतीचा निळा डाग गेला. उजव्या कडेला मनगट टेकून टेकून लाकूड काळसर, गुळगुळीत झाले होते, तेही गेले. एक खण कागदपत्रांसकट घरी राहिला होता, तेवढा वाचला. आता तो टेबलात सरकवला की दुसऱ्याच्या घरातला वाटतो.

सरस ऊब आणि ओलीने सुटतो, चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश स्पिरिटने विरघळते. म्हणून पुढच्या सुताराला मागच्याचे काम उकलता येते. गरम कपाची पांढरी कडी उमटली तरी स्पिरिटचे किंचित ओलसर फडके हलक्या हाताने फिरवले की बहुधा जाते. फवारलेल्या थराला चरा पडला तर पुन्हा घासणेच आले, आणि प्रत्येक घासण्यात थोडे लाकूड जाते.

वाचकांना विनंती, वस्तू देण्यापूर्वी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाकून पाहा. चिकट लागले तर ते बहुधा चपड्याचे पॉलिश समजा. मशीन लावू नका, असे कारागिराला लिहून द्या. आणि संपादक महोदय, सरस-चपड्यावर काम करणाऱ्या कारागिरांना आपण पुरवणीत जागा द्यावी. माझा उरलेला खण घेऊन मी स्वतः त्यांच्याकडे जाईन.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे