नाना, तुमच्या वाळूच्या कढईबद्दल

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं थर्मामीटर अजून माझ्याकडेच आहे. सांगलीला मुलाकडे निघालात त्या दिवशी एसटी स्टँडवर मी ते पिशवीतून काढलं, तर तुम्ही माझा हात मागे सारलात आणि म्हणालात, "माझ्याकडे आता तापवायला काय आहे? राहू दे." गाडी सुटायची घाई होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आमच्या रेवदंड्याच्या खाडीवर गळ टाकणारी चार-पाच पोरं आता घरी आमिषं ओतायला लागली आहेत आणि प्रत्येक जण मी केलेल्याच चुका करतोय. त्यांना तुम्ही भेटणार नाही. निदान तुमचं सांगणं तरी पोचावं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. जिताड्यासाठी, तांबोशीसाठी गळाला जे मऊ, लिबलिबीत, मासोळीच्या नाहीतर कोळंबीच्या आकाराचं आमिष लावतात, ते रबर नसतं. पीव्हीसीची पिठासारखी बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवलेली असते, तिला प्लास्टिसॉल म्हणतात. ते तापवून साच्यात भरायचं, निवलं की आमिष तयार. विकतची पाकिटं महाग पडतात, आणि खाडीतला केंड मासा कात्रीने कापावी तशी त्यांची शेपटं तोडून नेतो. एका भरतीत चार-पाच आमिषं सहज जातात. म्हणून मी घरी ओतायला लागलो.

तो जुलै तुम्हाला आठवत असेलच. स्वयंपाकघरातला गॅस, आईचं जुनं दुधाचं पातेलं आणि बाहेर धो धो पाऊस. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा मी आठवडाभर खिडकीत वाळवला होता, पण कोकणातल्या जुलैत काय वाळतं? वरून कोरडा, पोटात ओल. तापलेलं प्लास्टिक आत गेलं, त्या ओलीची वाफ झाली आणि साच्याने सगळं तोंडातून परत फेकलं. माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा थेंब पडला. गरम पाणी उडालं तर ओघळून जातं. हे चिकटून बसतं आणि आपली सगळी आच कातडीत सोडतं. माझी आरोळी ऐकून तुम्ही शेजारून धावत आलात. मी ते ओरबाडून काढायला लागलो होतो, घरातलं कुणी टूथपेस्ट शोधत होतं. तुम्ही माझं कोपर धरलंत, हात नळाखाली नेलात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरी वीस मिनिटं सोडला नाहीत. "ओढू नको, कातडी येईल सोबत." नंतर दवाखान्यात डॉक्टरांनीही हेच सांगितलं, की ओढलं असतं तर जखम खोल गेली असती.

हात नळाखाली असतानाच तुम्ही पातेल्याकडे बघितलंत, हवेतला वास घेतलात आणि विचारलंत, "प्लास्टिसॉल ना? किती अंशावर होतं?" हा शब्द गावात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि अंश मला सांगता आले नाहीत, कारण मी ते मोजतच नव्हतो.

तेव्हा कळलं की शेजारी राहणाऱ्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, संध्याकाळी ओटीवर हरिपाठ म्हणणाऱ्या नानांची उभी हयात एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये गेली होती. पक्कडीच्या आणि पान्यांच्या मुठींवर जे लाल-निळं मऊ आवरण असतं, ते चढवायचं काम. लोखंड भट्टीत तापवायचं, प्लास्टिसॉलच्या टाकीत बुडवायचं, वर काढून पुन्हा भट्टीत. टाकी थंडच असते. बुडवलेल्या लोखंडात जेवढी उष्णता असेल तेवढ्याच जाडीचं प्लास्टिक त्याला धरतं. हे सांगताना तुम्ही हाताने बुडवण्याची क्रिया करून दाखवलीत, आणि मनगट किती हळू वर आलं पाहिजे तेही. तीन सेकंदांचं काम, पण ते हात मी विसरलेलो नाही.

माझं दुखणं वेगळं होतं. तुमच्याकडे प्लास्टिक थंड आणि लोखंड गरम. मला प्लास्टिकच गरम ठेवायचं होतं, आणि ते राहत नव्हतं. गॅसवर ठेवलं की बुडाला लागायचं, पिवळं पडायचं. खाली उतरवलं की साचा उघडून हातात घेईपर्यंत वर साय धरायची आणि खालचं दाट व्हायचं. पुन्हा गॅसवर, पुन्हा खाली. चार आमिषं निघेपर्यंत पातेल्यातलं अर्धं प्लास्टिक तपकिरी होऊन जायचं. मला वाटायचं मालच खराब आहे.

तुम्ही त्या रविवारी मला आधी नुसतं बघायला बसवलंत. थर्मामीटर पातेल्यात सोडलंत आणि मंद आचेवर ढवळत एकेक टप्पा दाखवलात. सुरुवातीला दूध. साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते आळायला लागतं आणि पिठल्यासारखं होतं, गुठळ्या धरतात. इथेच माझ्यासारखा घाबरतो आणि आच वाढवतो. "इथे घाई केलीस की बुडाचं करपलं आणि वरचं कच्चं राहिलं," असं म्हणत तुम्ही डाव तळाला घासून फिरवत राहिलात. मग दीडशेच्या पुढे गुठळ्या विरघळायला लागल्या, पांढरेपणा गेला आणि १७५च्या आसपास पातेल्यात पाकासारखं पारदर्शक, पातळ प्लास्टिक दिसायला लागलं. पातेल्याच्या तळावरचे चरे सुद्धा दिसले. एवढं स्वच्छ प्लास्टिक माझ्या हातून तोवर कधीच झालं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "आता हे शिजलं. आता याला शिजवायचं नाही, नुसतं ऊबेत ठेवायचं. दोन्ही वेगळी कामं आहेत." माझी सगळी गफलत या एका वाक्यात होती. मी गरम ठेवायला म्हणून त्याला पुन्हा पुन्हा शिजवत होतो.

मग वाळू. मी उत्साहाने किनाऱ्यावरून बादलीभर आणली, ती तुम्ही चिमटीत घेऊन परत पाठवलीत. समुद्राच्या वाळूत मीठ, ते दमट हवेत ओल ओढतं, आणि शिंपल्यांचे तुकडे तापल्यावर तडकतात. बांधकामावरून नदीची वाळू आणली, मैद्याच्या नाही पण रव्याच्या चाळणीने चाळली, धुतली, उन्हात घातली आणि मग लोखंडी कढईत अर्धा तास कोरडी भाजली. चणे-फुटाणे भाजणारे भट्टीवाले असतात ना, तशीच कढई. ती नियंत्रक असलेल्या विजेच्या शेगडीवर चढवली, पडवीत, भिंतीपासून लांब. जाड बुडाचा स्टीलचा डबा वाळूत गळ्यापर्यंत पुरला, पण खाली दोन बोटं वाळू राखून. वाळू आच हळू घेते आणि हळू सोडते. कढईच्या तळाशी ती वरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, म्हणून डबा बुडाला टेकवायचा नाही. हे बारकावे मला कुठे वाचायला मिळाले असते?

वाळू तापायला पाऊण तास लागतो. पहिल्या दिवशी मला धीर नव्हता, मी नियंत्रक वाढवायला गेलो आणि तुम्ही माझ्या हातावर हलकी चापट मारलीत. पण एकदा तापली की डब्यातलं प्लास्टिक १६०–१६५ वर बसून राहतं. साचा उघडा, आमिष काढा, तेल लावा, बंद करा, कुणाचा फोन आला तर चार शब्द बोला. परत आलात तरी ते तिथेच असतं. दीडशेच्या खाली उतरलं की डावाला तार सुटते, मग ओतायचं नाही, थांबायचं. झाकण घट्ट नाही पण ठेवायचंच, साय धरत नाही. आणि एका वेळी पावशेरापेक्षा जास्त नाही, कारण किती वेळ तापत राहिलं याचाही हिशोब ते ठेवतं. स्थिर १६५ वरसुद्धा तासन्‌तास राहिलेलं प्लास्टिक पिवळं होतंच.

एवढं झालं तरी शेपटं तुटकी निघत होती. ॲल्युमिनियमचा साचा तोवर मी घेतला होता आणि भरायला पिचकारीसारखा ॲल्युमिनियमचा इंजेक्टर. माशाचं अंग भरायचं, पण शेपटीकडे जाणारी जी काडीएवढी मान असते तिथे प्लास्टिक अडायचं. शेपूट हललं नाही तर जिताडा ढुंकून बघत नाही. तुम्ही इंजेक्टर नुसता हातात धरलात आणि म्हणालात, "हा गार आहे." बस्स. गरम लोखंड प्लास्टिकला धरतं हे ज्याने आयुष्यभर बघितलं, त्याला थंड धातू प्लास्टिकमधली आच ओढून घेतो हे सांगायला थर्मामीटर लागलं नाही. तेव्हापासून इंजेक्टर कढईच्या काठावर आडवा पडून असतो, एकदा भरून परत डब्यात रिकामा करतो आणि मगच खरा भरतो. साचाही आधी तळहाताला ऊब लागेल एवढा तापवून घेतो. भरल्यावर दट्ट्या दहा सेकंद दाबून धरतो, कारण निवताना प्लास्टिक आकसतं आणि माशाच्या पाठीवर खड्डा पडतो. पहिल्या प्रयत्नात दहातली नऊ शेपटं पुरी आली होती. तुम्ही ती नऊ एका ओळीत पडवीच्या कठड्यावर मांडून ठेवलीत, लहान मुलाने खेळणी मांडावीत तशी.

एक गोष्ट मात्र तुम्ही कडक आवाजात सांगितली होतीत, आणि ती मी इथे तशीच लिहितो. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, ओलाव्याशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. नाकात, घशात, डोळ्यांत तेच जातं. आणि सुटलेला वायू उरलेल्या प्लास्टिकलाही आणखी लवकर करपवतो, म्हणून पिवळ्याचं काळं व्हायला वेळ लागत नाही. धूर दिसला की डबा वाचवायचा नाही, शेगडी बंद करून आपण बाहेर पडायचं. कापडी मास्कचा उपयोग नाही. आम्लाचे वायू आणि रसायनांची वाफ अडवणारे डबे लावलेला मास्क लागतो. घराच्या आत हे काम नाही, जेवणाच्या भांड्यात तर नाहीच. तुमच्या शेडमध्ये सुरुवातीची कित्येक वर्षं कुणाकडेच मास्क नव्हता, असं तुम्ही एकदाच बोललात आणि विषय बदललात. तुमचा तो खोकला मी रात्री भिंतीपलीकडून ऐकलेला आहे. आईचं दुधाचं पातेलं त्याच दिवशी मी स्वयंपाकघरातून काढलं, आणि तिला नवीन आणून दिलं.

तुम्ही गेल्यावर वाचनात आलेलं एक सांगायचं राहिलं. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाचं गाव आहे, टायरच्या कारखान्यांचं. तिथे गुडरिच कंपनीत वॉल्डो सीमन नावाचा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवायला काही मिळतं का ते शोधत होता, आणि १९२६ मध्ये त्याच्या हाती मऊ केलेलं पीव्हीसी लागलं. पुढे त्याच ॲक्रनमध्ये १९४९ साली निक क्रीम या यंत्रकारागिराने त्या प्रकारच्या प्लास्टिकचा मऊ गांडूळ ओतला, गळाला लावायला. म्हणजे तुमच्या पक्कडीची मूठ आणि माझं आमिष एकाच गावची निघाली, नाना.

तुम्ही मासा खात नाही. माळ घातल्यापासून शिवलाही नाहीत. तरी आठ रविवार माझ्या पडवीत बसलात, आणि मी पैशांचं नाव काढलं तेव्हा एक नारळ मागितलात, तोही विठोबापुढे ठेवायला. मला तुम्ही एकदाच प्रश्न विचारलात, तेही साचा पुसता पुसता: "केंडाने तोडलेलं शेपूट जातं कुठे?" मला उत्तर माहीत होतं. पाण्यात. ते कुजत नाही, कुठल्यातरी माशाच्या पोटात जातं नाहीतर चिखलात पडून राहतं. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत, साचा पुसून माझ्या हातात दिलात.

तेव्हापासून माझ्या पिशवीत झाकणाची बरणी असते. केंडाने तोडून नेलेला तुकडा हाती लागत नाही, पण उरलेलं धड, फाटलेलं डोकं, साळावच्या पुलाखाली दगडांत अडकलेली दुसऱ्यांची टाकून दिलेली आमिषं, सगळं बरणीत येतं. केंड फिरायला लागले की मी आता जागा बदलतो, नवीन आमिष लावत बसत नाही. बरणीतलं धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, बारीक चिरून वाळूच्या कढईत पुन्हा वितळवतो. थोडा मऊ करणारा द्रव घालावा लागतो, रंग गढूळ तपकिरी येतो. खाडीच्या गढूळ पाण्यात तो कोळंबीसारखा दिसतो आणि जिताड्याला तो चालतो, गेल्या पौर्णिमेच्या भरतीला चाललाही. तो जिताडा मी परत सोडला. तुम्ही सांगितलं नव्हतंत, मला तसं वाटलं.

दिवाळीनंतर सांगलीला येतोय. थर्मामीटर आणत नाही, तुम्ही दिलंय ते ठेवून घेतलं. नारळ आणतो, आणि मुलाच्या घरातली एखादी पक्कड काढून ठेवा. तिच्या मुठी तुमच्या शेडमधल्या असतील तर मला बघायच्या आहेत.

तुमचा शेजारी,
रेवदंडा