फूल कोणतं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्तदाबावर जास्वंदीचा चहा गुणकारी असल्याचा मजकूर आला, तेव्हापासून माझ्या औषधाच्या दुकानात रोज एक-दोघे तरी त्याबद्दल विचारतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण सोबत चित्र होतं ते गणपतीला वाहतो त्या लाल जास्वंदीचं, आणि घोळ तिथेच झाला.

ज्या चहाचं एवढं कौतुक होतं तो जास्वंदीचा नाही, लाल अंबाडीचा आहे. इंग्रजीत दोन्ही झाडं हिबिस्कसच. त्यामुळे मराठीत येताना अंबाडीची जास्वंद होऊन जाते. इजिप्त आणि सुदानमध्ये ज्याला कर्कदे म्हणतात, सेनेगलमध्ये बिसाप, ते पेय अंबाडीचंच. त्यात पाकळ्याही नसतात. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जो मांसल, आंबट, लालभडक कोश उरतो, तो वाळवून उकळतात. आपल्या वऱ्हाडात हीच बोंडं दिवाळीच्या पुढेमागे बाजारात येतात, त्यांची चटणी आणि सरबत घरोघरी होतं. कण्या घालून केलेल्या अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी ओतणाऱ्या माणसांना हे झाड नव्याने ओळखून द्यायला नको.

रक्तदाबाचं म्हणाल तर लोकांचा समज अगदीच निराधार नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला, बाकीच्यांना तशाच चवीचं नुसतं पेय. चहा घेणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी ७.२ अंकांनी उतरला, इतरांचा १.३ अंकांनी. मात्र ही सगळी माणसं रक्तदाब जेमतेम वाढलेली होती, त्यांना गोळ्या सुरू नव्हत्या. गोळ्या सोडून चहा प्या, असं त्या अभ्यासात कुठेही नाही.

आमच्याच गल्लीतल्या एक काकू गेली कित्येक वर्षं महिन्याच्या गोळ्या माझ्याकडून नेतात. गेल्या महिन्यात त्या नुसतं खोकल्याचं औषध घेऊन निघाल्या. मी हटकलं तर म्हणाल्या, "आता गोळ्या नाही लागत, माय. जास्वंदीचा काढा सुरू केला." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. गच्चीवर वर्तमानपत्र पसरून पाकळ्या वाळत घातल्या होत्या. त्यांनी मला काढा करून दाखवला. आधी जांभळट, मग लिंबू पिळलं की क्षणात लालचुटूक. "बघ, रंग पालटला म्हणजे गुण उतरला," त्या म्हणाल्या. इतक्या विश्वासाने म्हणाल्या की मला पटकन काही बोलवेना. लिंबाच्या आंबटपणाने फुलातला रंग बदलतो एवढंच ते आहे, हे मी नंतर सांगितलं. सोबत नेलेल्या यंत्रावर दाब भरला १७८-१०४. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. त्यांना वाटत होतं, सगळं उत्तम चाललंय. मी त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

जास्वंद वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या आईने आयुष्यभर तिचंच तेल केसांना लावलं. पण पोटात घ्यायची तर विचारून घ्यावी. आपल्याच देशात १९७० च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत जास्वंदीच्या फुलांच्या अर्काने गर्भधारणेत अडथळा आल्याचं दिसलं होतं. त्यामुळे दिवस गेलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईने हा चहा घेऊच नये. आणि अंबाडीचं म्हणाल तर, ज्यांना दाबाच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी रोज तीन-तीन कप प्यायल्यास दोन्ही मिळून दाब फार खाली जाऊ शकतो. डॉक्टरांना "मी हेही घेतो" एवढं सांगायला काय हरकत आहे?

आपल्याला एकच विनंती आहे. यापुढे असा मजकूर येईल तेव्हा झाडाचं मराठी नाव नीट तपासून, त्याच झाडाचं चित्र छापावं, आणि सुरू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत ही ओळ ठळक अक्षरांत द्यावी. मागच्या मजकुराचा खुलासाही पुढच्या पुरवणीत यावा. काकू आपला अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, आणि त्यांना माझ्यापेक्षा आपल्या छापील शब्दाचा भरवसा जास्त आहे.

आपली नियमित वाचक,
एक औषधविक्रेती, अमरावती