बाबा, तुमचं पाटपाणी आता खेळात आलंय

पुणे

ती. आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारीसुद्धा लॅपटॉपपुढं काय करत बसतेस, असं आईनं विचारलं होतं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. मी एक खेळ बनवतेय. 'जेएस१३के गेम्स' नावाची खेळ बनवण्याची स्पर्धा २०१२ पासून दरवर्षी १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर असते. असल्या स्पर्धेला गेम जॅम म्हणतात. अट कडक आहे: चित्रं, आवाज, कोड सगळं मिळून झिप फाइल १३ किलोबाइटच्या आत बसली पाहिजे. दादा व्हॉट्सॲपवर उसाचा फोटो पाठवतो ना, तेवढ्या जागेत असे कितीतरी खेळ मावतील.

खेळ दारं धरण्याचा, म्हणजे रानाला पाणी पाजायचा आहे. पडद्यावर चौकोनाचौकोनांचं रान, मधून पाट, दोन्ही अंगांना वाफे. वाफ्याचं तोंड फोडा-बुजवा, नाहीतर पाटात बांध घाला-काढा; प्रत्येक वेळी एक खोरं खर्ची पडतं. ठरलेली खोरी संपली की लाईट गेली. त्याआधी सगळे वाफे भिजले पाहिजेत.

बाबा, यातलं मुख्य कोडं तुमचं आहे. तुम्ही शेवटच्या वाफ्यापासून पाजत वर येता. मला ती नुसती सवय वाटायची. इथं हिशेब मांडला आणि थक्क झाले. वरून सुरुवात केली तर दर वाफ्याला चार कामं: पाट अडवा, तोंड फोडा, भिजला की तोंड बुजवा, बांध काढा. खालून आलं तर पाट अडवा, तोंड फोडा, संपलं. वरचा बांध पडला की खालचा भरलेला वाफा आपोआप बंद. मेहनत निम्मी! निपाणीच्या थंडीत रात्रीच्या लाईटवर पाणी पाजणाऱ्या माणसानं हे कुठल्या वहीत मांडलं असेल? हे मी खेळात कुठंच सांगितलेलं नाही. खेळणाऱ्यानं ते स्वतः शोधायचं.

सहाव्या रानात मात्र एवढ्यानं भागत नाही. तिथं मधला वाफा उंचावर आहे, आपल्या ओढ्याकडच्या तुकड्यासारखा. पाटात पाणी तुंबवल्याशिवाय ते वर चढत नाही, आणि फार तुंबलं की कच्चा बांध फुटतो.

आई, आवाज ऐक हं. ध्वनीची फाइल घालायला जागाच नाही, म्हणून कोडनं नुसती खरखर तयार करायची आणि तिच्यातले चढे सूर गाळून टाकायचे. उरतं ते हुबेहूब पाटाचं पाणी. मोटार सुरू झाल्यावर पहिला लोंढा येतो तो आवाज जमवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तोच मला सगळ्यात आवडतो.

खेळात शब्द नाहीत, फक्त खोऱ्याचं चित्र आणि बाण. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट घेतं, तेवढी जागा वाचते. पण खरं कारण आपली गल्ली. शेजारची पोरं कन्नड शाळेत जातात, आपली मराठी. दोघांनाही कुणाला न विचारता खेळता यावं.

दादाच्या फोनवर लिंक पाठवलीय. बाबा, सहावं रान खेळून बघा आणि बांध जिथं फुटतो तिथं तो खरंच फुटेल का, ते सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर बदलते, १३ तारखेपर्यंत वेळ आहे. गुडघ्याची गोळी बंद करू नका.

तुमची लेक