रिओकान निवडताना छायाचित्राआधी काय पाहावे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानच्या ग्रामीण भागातील ओन्सेन, म्हणजे उष्ण झऱ्यांच्या गावांविषयी जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. बर्फाने वेढलेल्या उघड्या कुंडातून वाफ उठते आहे, हे दृश्य पाहून तिथे जावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र मुक्कामासाठी रिओकान, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीचे निवासगृह, कसे निवडावे, हा प्रश्न लेखात एका वाक्यात आटोपला आहे: खोलीला स्वतंत्र कुंड असलेले आणि प्रवाशांनी भरपूर गुण दिलेले ठिकाण घ्यावे. मी माझ्या वृद्ध आईला घेऊन गेल्या तीन वर्षांत दोनदा तोहोकू आणि क्यूशू या भागांत जाऊन आले. त्या अनुभवानंतर हा सल्ला अपुरा वाटतो, आणि तो मानून निघालेल्या कुटुंबाची, विशेषतः शाकाहारी किंवा वयस्क माणसे बरोबर असलेल्या कुटुंबाची, मोठी गैरसोय होऊ शकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हॉटेलात आपण झोपण्यापुरती खोली घेतो आणि उरलेला दिवस आपला असतो. रिओकानमध्ये खोलीबरोबर त्या घराची एक अख्खी संध्याकाळ आणि एक सकाळ आपण स्वीकारत असतो. दुपारी ३ च्या सुमारास प्रवेश, स्नान, सहा-साडेसहाला रात्रीचे जेवण, जेवण चालू असताना खोलीत तातामीवर, म्हणजे गवती चटयांवर, घातली जाणारी फुतोनची अंथरुणे, सकाळी पुन्हा स्नान, न्याहारी आणि १० वाजता निरोप, असा हा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. म्हणूनच दर 'एक रात्र, दोन जेवणे' असा आणि माणशी सांगितला जातो. हे ठाऊक नसल्यामुळे फसगत होते. माणशी १८,००० येन दर असेल तर तिघांचे ५४,००० येन होतात, आणि त्यावर बहुतेक गावांत माणशी १५० येन स्नानकर वेगळा भरावा लागतो. परदेशी प्रवाशांसाठीची आरक्षणाची संकेतस्थळे कधी माणशी, कधी पूर्ण खोलीचा दर दाखवतात, त्यामुळे दोन ठिकाणची तुलना करताना आकडा कशाचा आहे हे आधी पाहावे. एकट्या प्रवाशाला अनेक रिओकान खोली देत नाहीत किंवा जास्त दर लावतात, आणि शनिवारची रात्र आठवड्यातल्या इतर रात्रींपेक्षा महाग असते.

आता पाण्याविषयी. ज्या पाण्यासाठी एवढ्या लांब जायचे, त्याच्याविषयी लेखात अवाक्षर नसावे, याचे मला खरोखर वाईट वाटले. जपानचा ओन्सेनविषयक कायदा १९४८ चा आहे. जमिनीतून येणारे पाणी उगमापाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून उष्ण असेल, किंवा कायद्यात दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा त्यात ठरलेल्या प्रमाणात असेल, तर त्याला ओन्सेन म्हणता येते. म्हणजे असा घटक असलेल्या थंड झऱ्याचे पाणी तापवून कुंडात सोडले तरी ते कायद्याने ओन्सेनच ठरते, आणि थोडे पाणी पुन्हा पुन्हा गाळून, क्लोरीन घालून फिरवत ठेवले तरीही ठरते. २००४ मध्ये नागानो प्रांतातील शिराहोने या प्रसिद्ध ठिकाणी काही स्नानगृहांत पाण्याला दुधाळ रंग यावा म्हणून स्नानचूर्ण मिसळले जात असल्याचे उघड झाले आणि देशभर गहजब उडाला. त्यानंतर २००५ पासून पाण्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते तापवले आहे का, फिरवले आहे का, त्यात चूर्ण किंवा जंतुनाशक घातले आहे का, हे स्नानगृहात लिहून लावणे बंधनकारक झाले. पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ताही तिथेच असतो. चांगली रिओकान ही माहिती आपल्या संकेतस्थळावरही देतात. उगमाचे पाणी सतत कुंडात येऊन काठावरून वाहून जात असेल तर त्याला 'काकेनागाशी' म्हणतात, आणि पाण्याची पारख असलेला जपानी माणूस हा शब्द सर्वांत आधी शोधतो. फिरवलेले पाणी वाईटच असते असे मी म्हणत नाही, कारण मोठ्या हॉटेलांत शेकडो माणसांसाठी ते गरजेचेही असते. परंतु खोलीतल्या ज्या स्वतंत्र कुंडासाठी दीडपट पैसे मोजायचे, त्यात झऱ्याचे पाणी येते की नळाचे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. काही ठिकाणी ते खरोखरच नळाचे असते.

पाणी जितके नामांकित तितके आपल्याला मानवेल, हाही गैरसमज आहे. आकिता प्रांतातील तामागावाचे पाणी ९८ अंशांवर उसळते आणि त्याचा सामू (पीएच) सुमारे १.२ आहे, म्हणजे ते तीव्र आम्ल आहे. गुन्मा प्रांतातील कुसात्सूचे पाणीही बरेच आम्लधर्मी आहे. आईची त्वचा पातळ आणि कोरडी असल्यामुळे आम्ही ही दोन्ही ठिकाणे टाळली आणि क्यूशूमध्ये सौम्य पाण्याचे गाव निवडले. गंधकाच्या पाण्यात चांदीचे दागिने काळे पडतात, ते खोलीतच ठेवावेत. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पाण्यानंतर गाव पाहावे, आणि खोली त्याच्याही नंतर. ह्योगो प्रांतातील किनोसाकीमध्ये सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि गावात मुक्काम करणाऱ्या पाहुण्याला ती विनामूल्य खुली असतात. संध्याकाळी युकाता, म्हणजे सुती झगा, नेसून, लाकडी खडावा वाजवत माणसे एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. मग अशा गावात महागड्या कुंडाच्या खोलीला पैसे कशाला घालवायचे? तिथे साधी, स्वच्छ जागा पुरते. कुमामोतो प्रांतातील कुरोकावाने १९८६ पासून लाकडी चकतीचा परवाना सुरू केला. तो घेतला की गावातल्या कोणत्याही तीन रिओकानच्या उघड्या कुंडांत स्नान करता येते. सगळे गाव म्हणजे एकच रिओकान, रस्ते म्हणजे तिच्या ओसऱ्या, अशी तिथल्या लोकांची भूमिका आहे आणि ती प्रत्यक्षात जाणवते. नागानोमधील नोझावा ओन्सेनची तेरा स्नानगृहे गावकरी स्वतः सांभाळतात. याउलट डोंगरात एकटेच उभे असलेले रिओकान घेतले, तर त्याची कुंडे, त्याचे जेवण आणि त्याची शांतता एवढेच आपल्या वाट्याला येते, म्हणून तिथे निवड फार काळजीपूर्वक करावी लागते. अशा आडवाटेच्या झऱ्यांच्या जतनासाठी तिथल्या लहान रिओकानमालकांनी १९७५ मध्ये एक संघ स्थापन केला. संघाच्या सदस्यांच्या दारात एकसारखा कंदील टांगलेला असतो. मला तो कंदील गुणांकनापेक्षा अधिक विश्वासाचा वाटला.

जेवणाविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण आमची खरी अडचण तिथेच झाली. पहिल्या प्रवासात तोहोकूमधील एका लहान रिओकानचे आरक्षण करताना आम्ही 'शाकाहारी' एवढेच कळवले होते. तिथल्या ओकामींनी, म्हणजे मालकीणबाईंनी, आईसाठी तिळाचे तोफू, रानभाज्या, शिजवलेला मुळा, वांगी अशा नऊ लहान थाळ्या मांडल्या होत्या. मी फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने एकेक पदार्थ विचारत गेले, तेव्हा कळले की जवळजवळ प्रत्येक पदार्थ दाशीत, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या अर्कात शिजवलेला आहे. आईने हात मागे घेतला. ओकामी क्षणभर स्तब्ध झाल्या, वाकून क्षमा मागून आत गेल्या आणि अर्ध्या तासाने मीठ लावलेल्या भाताचे गोळे, भाजलेली अळिंबी आणि लोणचे घेऊन आल्या. त्यांची काहीच चूक नव्हती. जपानी स्वयंपाकात दाशी म्हणजे पाण्याइतकी गृहीत धरलेली गोष्ट आहे. मिसो सूपमध्ये ती असते, सोबा शेवयांच्या रश्शात असते, अंड्याच्या वळकटीतही असते. ताटात मांसाचा किंवा माशाचा तुकडा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असा तिथला सर्वसाधारण समज आहे. दिवसभर राबून मांडलेले ताट न खाता परत जाताना त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते आईला त्या रात्रीच्या भुकेपेक्षा अधिक लागले.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, आरक्षणाच्या वेळीच जपानी भाषेत स्पष्ट लिहावे: मांस नको, मासे नकोत, माशांची दाशीही नको, कोम्बू या समुद्री वनस्पतीची किंवा शिताके अळिंबीची दाशी चालेल. अंडी आणि दूध चालते की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, हेही सांगावे आणि जाण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा विचारावे. 'आम्हाला जमणार नाही' असे उत्तर आले तर तो अपमान समजू नये. ते प्रामाणिक उत्तर आहे आणि त्यामुळे दुसरीकडे पाहायला आपल्याला वेळ मिळतो. बिनजेवणाचा मुक्काम घेण्याचीही सोय अनेक ठिकाणी असते, पण डोंगरातल्या खेड्यात संध्याकाळी एकही दुकान उघडे नसते हे ध्यानात ठेवावे. जिथे जवळपास उपाहारगृहे आहेत, अशा गावातच तो मार्ग धरावा. वाकायामा प्रांतातील कोया पर्वतावरच्या मंदिरांतील निवासांत शोजिन र्‍योरी हे बौद्ध परंपरेचे शाकाहारी जेवण मिळते. तिथे दाशीही वनस्पतींचीच असते. मात्र तिथे बहुतेक ठिकाणी ओन्सेन नाही.

दुसऱ्या प्रवासात आम्हाला जो उपाय सापडला तो लेखात कुठेच नाही. जपानमध्ये तोजी नावाची जुनी प्रथा आहे: शेतीची कामे उरकल्यावर शेतकरी आठवडा-दोन आठवडे झऱ्याच्या गावी राहून अंग शेकून घेत, आणि तांदूळ-भाजी बरोबर नेऊन स्वतः रांधत. अशा निवासांत सामायिक स्वयंपाकघर असते. इवाते प्रांतातील ओसावा ओन्सेन, आओमोरीच्या हाक्कोदा डोंगरातील सुकायू आणि मियागी प्रांतातील नारुको येथे ही परंपरा अजून टिकून आहे. खोल्या साध्या असतात, भिंती पातळ असतात, आणि दर दोन जेवणांच्या रिओकानपेक्षा पुष्कळ कमी असतो. आम्ही अशा एका ठिकाणी चार दिवस राहिलो. शेजारच्या चुलीवर नारुकोकडच्या एक आजी भाजी परतत होत्या. त्यांनी आईला आपला मुळा दिला आणि आईने त्यांना आपल्या पुडीतले जिरे दिले.

वयस्क माणसांसाठी आणखी काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. जुन्या लाकडी इमारतींत उद्वाहन नसते, जिने उभे असतात, कुंडाकडे जाणारी वाट कधी कधी दगडी पायऱ्यांची असते आणि स्वच्छतागृह सामायिक असू शकते. गुडघे दुखत असतील तर पलंगाची खोली आणि जेवायला खुर्ची-टेबल मागावे. सांगितले तर बहुतेक ठिकाणी व्यवस्था करतात. कुंडात वस्त्र नेसून उतरता येत नाही आणि त्याआधी अंग साबणाने स्वच्छ धुवावे लागते. याचा संकोच वाटणाऱ्यांनी कुटुंबापुरते तासभर राखून मिळणारे स्वतंत्र कुंड कुठे आहे ते पाहावे. काही जुनी कुंडे स्त्री-पुरुषांची एकत्र आहेत. सुकायूचे विशाल लाकडी कुंडही तसेच आहे, पण तिथे सकाळ-संध्याकाळ एकेक तास केवळ स्त्रियांसाठी राखलेला असतो. अंगावर गोंदण असल्यास अनेक ठिकाणी प्रवेश नाकारतात. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत मात्र ती अट नाही.

राहता राहिला रस्ता. डोंगराकडे जाणारी शेवटची बस भर दुपारीही सुटून जाऊ शकते, आणि जेवणाच्या वेळेनंतर पोहोचलेल्या पाहुण्याला जेवण मिळेलच असे नाही. स्थानकावरून नेण्यासाठी रिओकानची गाडी येणार असेल तर तीही आधी सांगून ठेवावी लागते. मोठ्या बॅगा कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवता येतात, त्याचा जरूर लाभ घ्यावा. ठिकाण सध्या चालू आहे ना, हेही तपासावे. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात नोतो द्वीपकल्पातील वाकुरा ओन्सेनमधील रिओकानचे अतोनात नुकसान होऊन ती बंद पडली, पण त्यांची जुनी सुंदर छायाचित्रे प्रवासाच्या यादीत पुढेही फिरत राहिली. आणि बेत बदलला तर वेळेत कळवावे. पाहुण्याच्या नावाने भाजी-मासळी आणली जाते, म्हणून ऐन दिवशी रद्द केल्यास बहुधा पूर्ण रक्कम भरावी लागते, आणि ते न्याय्यच आहे.

पुरवणीत यापुढे असे लेख येतील, तेव्हा प्रत्येक ठिकाणाच्या छायाचित्राखाली पाणी उगमाचे की फिरवलेले, माशांच्या दाशीविना जेवण देतात की नाही, जिने किती आणि शेवटची बस केव्हा, एवढे चार ओळींत द्यावे अशी विनंती आहे. तसेच या लेखातील रिओकानचा ३६,००० येन हा दर एका माणसाचा आहे की दोघांचा, याचा खुलासा पुढच्या अंकात करावा. माझ्या ओळखीतील दोन कुटुंबांनी तो पूर्ण खोलीचा समजून बेत आखायला सुरुवात केली आहे.

आपली,
एक नियमित वाचक