कोचला नारळ द्यायचा, पण कितीला?

ठाणे, मार्चचा पहिला आठवडा

प्रिय बंड्या,

तुझा रात्री दोन वाजता टाकलेला संदेश सकाळी चहाबरोबर वाचला. ओळीने सामने हरल्यावर माणूस जसं लिहितो तसंच तू लिहिलंयस: "याला उद्याच्या उद्या नारळ द्या." द्यायला हरकत कुणाचीच नाही. फक्त अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्या नारळाची किंमत करारात आधीच छापलेली असते, आणि ती कोच जिंकत होता तेव्हा ठरलेली असते. खरी गोम तिथेच आहे.

तुझं विद्यापीठ राज्य सरकारचं. म्हणजे कोचचा करार सहसा सार्वजनिक कागद असतो, मागितला की मिळतो. गावातल्या वर्तमानपत्राने तो आधीच मागवून ठेवला असण्याचीही शक्यता आहे. तो काढ. पगाराचं पान सोडून दे, ते सगळ्यांना पाठ असतं. 'कारणाशिवाय करार संपवणे' हे कलम शोध. उरलेल्या वर्षांचा किती टक्के पगार द्यायचा ते तिथे असतं. मग बघ, ही रक्कम एकदम द्यायची की महिन्याच्या हप्त्यांनी. त्यानंतर, काढलेल्या कोचने दुसरी नोकरी शोधलीच पाहिजे अशी अट आहे का, आणि तिथला पगार या रकमेतून वजा होतो का. आणि शेवटी तारीख. बऱ्याच करारांत बायआउट, म्हणजे करार मोडल्याबद्दल द्यायची ही रक्कम, 1 एप्रिलला किंवा 1 जुलैला एक पायरी खाली उतरतो. मार्चमध्ये 'आढावा चालू आहे' असं निवेदन आलं, तर अनेकदा तो कॅलेंडरचा आढावा असतो.

वजावटीचं कलम नसलं तर काय होतं ते टेक्सास ए अँड एमच्या फुटबॉलमध्ये सगळ्यांनी पाहिलं. नोव्हेंबर 2023 मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर होतं. एक कोटी 92 लाख साठ दिवसांत, उरलेले 2031 पर्यंत दरवर्षी 72 लाख. त्याने उद्या दुसरीकडे नोकरी धरली तरी यातून एक सेंटही कमी होणार नव्हता. बास्केटबॉलचे आकडे इतके जात नाहीत, पण कलमं तीच.

आता तुझ्यासाठी हिशेब मांडतो. आकडे मी धरलेले आहेत, करार हातात आला की खरे घाल. समज पगार वर्षाला 28 लाख डॉलर, उरलेली वर्षं चार, द्यायचे 75 टक्के. म्हणजे 84 लाख, महिन्याला 1 लाख 75 हजार, वर्षाला 21 लाख. तू इथेच थांबलास, आणि सगळे इथेच थांबतात. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला पुढे आहे. तीन सहाय्यकांचं एकेक वर्ष उरलंय, त्यांचे साडेदहा लाख. नवा कोच दुसऱ्या कॉलेजातून उचलायचा तर त्याच्या जुन्या कॉलेजला सोडवणूक द्यावी लागते, ती 20 लाख धर. त्याचा पगार 30 लाख. त्याचे सहाय्यक 12 लाख. पहिल्या वर्षी खिशातून गेले साडेत्र्याण्णव लाख. जुन्यालाच ठेवलं असतं तर कोच आणि सहाय्यकांवर साडेअडतीस लाख गेले असते. फरक 55 लाख. बायआउटचा आकडा पेपरात येतो, हा फरक येत नाही.

सोडवणुकीची रक्कम मी उगाच घातलेली नाही. यूसीएलएने 31 डिसेंबर 2018 ला स्टीव्ह अल्फर्डला काढलं, देणं होतं 36 लाख. मग त्यांची नजर टीसीयू या दुसऱ्या विद्यापीठाच्या कोचवर, जेमी डिक्सनवर गेली, तर त्याचा बायआउट, म्हणजे सोडवणूक, 80 लाखांची निघाली. जुना घालवायला लागले त्याच्या दुपटीहून जास्त नवा आणायला! तिथे गाडी अडली आणि शेवटी सिनसिनाटीहून मिक क्रोनिन आला. त्याने 2021 मध्ये संघ फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत नेला, ही नशिबाची बाजू. आणि हंगामाच्या मधे काढून लवकर शोध सुरू केल्याचा फायदाही फारसा झाला नाही. ज्यांना आणायचं ते मार्चपर्यंत आपापल्या संघात अडकलेले असतात.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणशील हा एडीचा, म्हणजे विद्यापीठाच्या खेळविभागप्रमुखाचा वकील. समज 2,000 सीझन तिकिटं गळली, प्रत्येकी 400 डॉलर, म्हणजे 8 लाख. त्या खुर्च्यांवरच्या हक्कासाठी लोक वेगळी देणगी देतात, ती प्रत्येकी 500 धर, 10 लाख गेले. (या देणगीची 80 टक्के रक्कम 2017 अखेरपर्यंत करात वजा व्हायची. ती सवलत गेली तेव्हापासून लोकांचा हात जास्तच लवकर आखडतो.) वर प्रत्येक सामन्याला 3,000 माणसं कमी, 17 घरचे सामने, पार्किंग आणि खाण्यापिण्याचे माणशी 12 डॉलर, म्हणजे आणखी सहा लाखांच्या वर. एकूण वर्षाला साधारण 24 लाखांचं भोक. ते चार वर्षं तसंच राहिलं तर 84 लाखांचा बायआउट महाग वाटेनासा होतो. तेव्हा तुझा राग अगदीच बिनहिशेबी नाही.

एक आशा मात्र सोड. "नवा कोच स्पर्धेत नेईल, तिथले पैसे येतील" हे. एनसीएए स्पर्धेत, म्हणजे मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, खेळलेल्या सामन्यामागे एक 'युनिट' मिळतं, त्याची किंमत सहा वर्षांत मिळून साधारण 20 लाख डॉलर. पण ते जातं कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेज ज्या गटात खेळतं त्या गटाच्या पेटीत. बिग टेन या कॉन्फरन्समध्ये 18 सदस्य. सारखी वाटणी धरली तर एका युनिटमागे तुमच्या वाट्याला एक लाख अकरा हजार, तेही सहा वर्षांत. त्यात सहाय्यकाचा वर्षाचा पगारही निघणार नाही.

मग पैसे येतात कुठून? देणगीदारांकडून. इंडियानाने मार्च 2021 मध्ये आर्ची मिलरला चार हंगामांनंतर काढलं. त्यात 67 विजय, 58 पराभव आणि एनसीएए स्पर्धा एकदाही नाही (2020 ची तर महामारीत रद्दच झाली). बायआउट एक कोटी तीन लाख. स्टेडियम रिकामी, खेळविभागाची तिजोरी आटलेली, तरी खासगी देणग्यांतून रक्कम उभी राहिली. म्हणून 'परवडतं का' याचं उत्तर मोठ्या कॉलेजात बहुतेक वेळा 'हो' असंच येतं. कोच घालवण्यासाठी चेक फाडणारा माणूस सापडतोच. फक्त असा माणूस पुढचा कोच कोण हेही सांगायला येतो, हा वेगळा खर्च.

आता ज्या भागाकडे तुम्ही कुणी बघत नाही तिथे येतो. जून 2025 मध्ये खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि 1 जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा 2 कोटी 5 लाख, तीही सगळ्या खेळांसाठी. बऱ्याच ठिकाणी यातला तीन चतुर्थांश वाटा फुटबॉलला आणि साधारण 15 टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. 15 टक्के म्हणजे 30 लाख 75 हजार. वर काढलेला 55 लाखांचा फरक आठव. कोच बदलण्याचा पहिल्या वर्षाचा जादा खर्च हा अख्ख्या संघाच्या एका वर्षाच्या मानधनापेक्षा मोठा आहे! आणि दोन्ही पैसे त्याच आठ-दहा देणगीदारांच्या खिशातून यायचे आहेत.

त्यात कोच गेला की त्या संघातल्या खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलचं, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी नाव नोंदवण्याच्या यादीचं दार उघडतं. केंटकीत एप्रिल 2024 मध्ये मार्क पोप आला तेव्हा शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू उरला नव्हता. म्हणजे नव्या कोचला पहिल्याच महिन्यात पूर्ण संघ विकत घ्यायचाय, आणि तिजोरीतून नुकताच जुन्याचा हप्ता गेलेला. पहिलं वर्ष त्यामुळे पडलं की तुम्ही मंडळी पुन्हा रात्री दोनला संदेश टाकणार.

केंटकीचं निघालंच आहे तर तेही. 2019 मध्ये जॉन कॅलिपारीला दहा वर्षांचा, 8 कोटी 60 लाखांचा करार दिला. तेव्हा त्याला सगळे 'आजन्म करार' म्हणत होते. मग 2022 मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून हार, 2024 मध्ये चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडकडून 80-76 अशी हार. काढायचं तर देणं 3 कोटी 30 लाखांच्या वर. एडीने 'कोच राहणार' असं जाहीर केलं, आणि काही दिवसांतच कॅलिपारी स्वतःच आर्कान्सॉला निघून गेला. बायआउटचा एक डॉलर न देता सुटका. यातून शिकण्यासारखं काही नाही, असं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

पैसे वाचवायचा एक मोह म्हणजे 'कारण दाखवून' काढणे, म्हणजे काहीच द्यायला नको. यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) 2018 मध्ये केव्हिन ऑलीबाबत हे केलं, 2014 चं विजेतेपद मिळवून देणारा हाच कोच. नियमभंगाचं कारण दाखवलं. पण त्याला प्राध्यापकांच्या युनियनच्या कराराचं संरक्षण होतं. जानेवारी 2022 मध्ये लवादाने एक कोटी 11 लाखांच्या वर द्यायला लावले, पुढे वेगळ्या तडजोडीत आणखी 39 लाख. चार वर्षांची वकिली वेगळीच. तुमच्या कोचने वर्गातले गुण बदलले असतील तर गोष्ट निराळी. नुसते सामने हरणं हे कुठल्याच करारात 'कारण' नसतं.

माझ्या मते तुमच्यासाठी बघण्यासारखं उदाहरण नेब्रास्काचं आहे. 2019 मध्ये फ्रेड हॉइबर्ग सात वर्षांसाठी, अडीच कोटींवर आला. तीन हंगामांत 24 विजय, 67 पराभव. फेब्रुवारी 2022 मध्ये काढायचं तर एक कोटी 85 लाख. एडी ट्रेव्ह अल्बर्ट्सने काढलं नाही, पण तसंच सोडलंही नाही. नव्याने बसून करार बदलला. पगार 35 लाखांवरून साडेबत्तीस लाख, पाच लाखांचा टिकून राहण्याचा बोनस रद्द, आणि बायआउट एक कोटी दहा लाखांवर उतरवला. हॉइबर्गने हे का मान्य केलं असेल? काढलं असतं तर घरबसल्या पैसे मिळत होते. पण शिकागो बुल्सने त्याला डिसेंबर 2018 मध्ये काढलं होतं. पाठोपाठ दुसऱ्यांदा नारळ मिळालेला कोच पुन्हा मुख्य बाकावर बसणं कठीण. शिवाय माणूस लिंकनमध्ये, विद्यापीठाच्याच गावात जन्मलेला, आजोबा जेरी बुश याच विद्यापीठाचे कोच होते. एडीच्या हातात ही दोन पानं होती आणि त्याने ती नीट खेळली. सहाय्यक बदलले. पुढच्या हंगामात 16 विजय, 16 पराभव, त्यापुढच्यात 23-11 आणि दहा वर्षांनी एनसीएए स्पर्धा.

याच्या उलट लुईव्हिल. क्रिस मॅकला जानेवारी 2022 मध्ये 48 लाखांवर तोडलं, मग केनी पेन आला. दोन हंगामांत 12 विजय, 52 पराभव. तिथे करार बदलून काय करणार? 22,000 खुर्च्यांचं यम सेंटर रिकामं पडायला लागलं होतं. मार्च 2024 मध्ये 80 लाख मोजून काढलं, पॅट केल्सी आला, पहिल्याच हंगामात 27-8. सव्वादोन वर्षांत दोन कोच घालवायला एक कोटी 28 लाख गेले, आणि तरी मी म्हणेन दुसरे 80 लाख योग्यच गेले.

तुमचा संघ या दोघांच्या मधला. हरतोय, पण चार-पाच गुणांनी, आणि चांगले तीन खेळाडू पुढच्या वर्षी राहणार आहेत. तो कोच गेला तर ते तिघं पोर्टलमधून जातील आणि खेळाडूंच्या मानधनाचे तुमचे 30 लाख त्यांच्या जागा भरण्यातच संपतील. मी एडी असतो तर या महिन्यात त्याला बोलावून दोन गोष्टी मागितल्या असत्या: बायआउट 75 वरून 50 टक्के, आणि नव्या नोकरीच्या पगाराची वजावट. ती वजावटही बाजारभावाने. नाहीतर नवं कॉलेज मुद्दाम थोड्या पगारावर ठेवतं आणि बाकीचं तुमच्याकडून भरून घेतं. तो नाही म्हणाला, तर एक वर्ष थांबूनही 84 चे 63 लाख होतात.

पण त्याआधी एक बघ. करारात आपोआप मुदतवाढीचं कलम आहे का? अमुक तारखेपर्यंत लेखी नोटीस दिली नाही तर एक वर्ष आपसूक वाढतं, अशी कलमं असतात. ते असलं तर वर्षभर थांबून काहीच वाचत नाही, पुढच्या मार्चमध्येही देणं 84 लाखच. नवे खेळाडू मिळवताना प्रतिस्पर्धी कॉलेजं मुलांच्या घरच्यांना "तो कोच चार वर्षं टिकणार नाही" असं सांगतात, म्हणून एजंट हे कलम घालून घेतो. आणि एका बऱ्या मार्चनंतर, दुसरं कॉलेज विचारतंय अशी कुजबुज उठली की एडी घाईत सही करतो. तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वी झाली ती सही कोणत्या आठवड्यात झाली, ते त्या कागदावर बघून मला कळव. नोटिशीची तारीखही कळव. 31 मार्च असेल तर तुमच्या लोकांकडे चार आठवडेसुद्धा नाहीत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आणि सीझन तिकीट रद्द करायचं असेल तर निदान सामना संपल्यानंतर दोन तासांच्या आत करू नकोस.

तुझाच,
नाना