मेडिकलवाले दादा, थँक्यू!

दादा, दुकानात गर्दी असते, नीट बोलता येत नाही म्हणून इथेच लिहितेय. त्या दिवशी पप्पा शेवग्याच्या पाल्याच्या कॅप्सूल मागायला आले होते आणि तुम्ही गिऱ्हाईक समोर असूनही विकल्या नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार.

घरात काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की कढीपत्त्याचा रस प्या, कोलेस्टेरॉल गायब, आणि पप्पांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी बंद करायची ठरवूनच टाकलं होतं (पोह्यातला कढीपत्ता हाच माणूस ताटाच्या कडेला काढून ठेवतो!). तुम्ही डबी हातात घेतली, उलटी केली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि पहिला प्रश्न विचारलात, काका रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? वॉरफरिन असेल तर पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केमुळे गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून भाजी एक दिवस ढीगभर आणि चार दिवस शून्य असं करायचं नाही, रोज साधारण सारखी ठेवायची. पप्पांना ती गोळी नाहीये पण शेजारच्या काकूंना आहे, मी लगेच जाऊन सांगितलं.

मग तुम्ही जे समजावलंत ते आजवर कुणीच इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. पानात कोलेस्टेरॉल नसतंच म्हणा, पण त्यातलं विरघळणारं फायबर आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतं, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. थोडंच हां, हे तुम्ही दोनदा म्हणालात. असं फायबर रोज 5 ते 10 ग्रॅम पोटात गेलं तर साधारण 5 टक्के फरक, आणि 100 ग्रॅम पालकात सगळं मिळून फायबर अडीच ग्रॅमच्या आत, त्यातही विरघळणारं थोडंसंच. म्हणजे नुसत्या पाल्यावर भागत नाही, डाळ, ओट्स, फळं पण हवीत. शेवग्याच्या पाल्यावरचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे, माणसांवरचे छोटे छोटे, त्याच्या जिवावर गोळी सोडायची नाही, हे ऐकून पप्पा गप्पच झाले, नाहीतर ते कुणाचं ऐकतात!

आता गोळी चालू आहे, आणि आई शेवग्याचा पाला मूगडाळ घालून करते, अळूचं फदफदं हरभराडाळ घालून. सायीची वाटी ताटातून गेली, त्यावरून अजून कुरकुर चालू असते पण चालायचंच. नवीन रिपोर्टमध्ये एलडीएल खाली आलंय, त्यात गोळी किती, भाजी किती आणि साय सुटल्याचं किती ते देव जाणे, मला तरी मोठा वाटा गोळीचाच वाटतो. पप्पा मात्र सगळ्यांना पाल्याचंच सांगत सुटलेत, तुमच्याकडे कुणी कॅप्सूल मागायला आलं तर आमच्याच घरून आलंय समजा.

आणि हो, परसातल्या शेवग्याला पाला भरपूर आलाय, आईने निवडून ठेवलाय, संध्याकाळी दुकानात आणून देते, नको म्हणू नका.